मागून हाक आली तरी

४ नोव्हेंबर
आज कळलं की मी चौथ्या नंबरावर आहे. शेजारच्या घरातल्या दोघी कॉलेजातल्या पोरी मोबाईल घेऊन आल्या. 'सगळ्यात भीतीदायक दहा सीन' असलं काहीतरी. एक पोरगा डोळे वटारून एकेक सीन सांगतो. चौथा आमचा. तिन्हीसांजेची ओटी, पाठमोरी बाई, गुडघ्यापर्यंत केस, ते विंचरतेय. मागून लहान मुलगी हाक मारते, "आई, इकडे बघ ना." बाई विंचरतच राहते. परत हाक. मग बाई वळते आणि या दोघी माझ्याच पलंगावर बसून किंचाळल्या.

वळते ती मी नव्हे. ती हिरॉईन, तोंडाला रबर चिकटवलेली. पाठ आणि केस माझे, ओटी शिरगावच्या माझ्या भावाची. सांगितलं तर पोरींना पटेना. पटणार कसं, माझ्या डोक्यावर रुमाल. दुसऱ्या केमोच्या आधीच केसांचे पुंजके यायला लागले, उरलेले नवऱ्यानं, विलासनं, त्याच्या दाढीच्या मशीनने काढले. पोरी हसून निघून गेल्या.

मग बघते तर आमची सई दारामागे उभी. सगळं बघितलं तिनं. आठ वर्षांच्या पोरीला कशाला दाखवा म्हणून आम्ही तो सिनेमा घरात कधी लावला नव्हता.

५ नोव्हें.
सई रात्री आजीजवळ झोपली. सकाळी दुधाचा कप हातात धरून,
"ती तू होतीस?"
"पाठ माझी होती."
"आणि तोंड?"
"तोंड दुसऱ्या बाईचं."
"मग तुझं तोंड कुठे होतं?"
पुढे होतं म्हटलं, वाडीकडे. चिकूची झाडं बघत होते. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. दूध तसंच ठेवून शाळेत गेली.

९ नोव्हें.
सुई लावलेल्या हाताची शीर काळी पडलीय, लिहिताना ठणकते. म्हणून सासूबाई यापुढे सा.बा.

सा.बां.चं निदान डॉक्टरांच्या आधीचं आहे. "तिन्हीसांजंला केस मोकळं सोडून बसलीस. त्या शिरगावच्या किल्ल्याच्या अंगाला तोंड करून. तिथं काय कमी माणसं मेल्यात व्हय? धरलं तुला." डॉक्टर गाठ म्हणतात, सा.बा. बाधा म्हणतात. औषध मात्र दोघांचंही चालू आहे. आज नारळ-लिंबू माझ्यावरून उतरवून सरावलीच्या नाक्यावर ठेवून आल्या. त्या परत वळायच्या आत कंपनीची शिफ्टची बस नारळावरून गेली. आता ती बाधा ड्रायव्हरला लागणार की क्लीनरला, असं मी विचारलं. 

संध्याकाळी मला उलट्या झाल्या. बादली त्यांनीच उचलली, धुतली, फिनेल टाकून परत आणून ठेवली. चिडायचं तरी कसं या बाईवर.

१३ नोव्हें.
झोप नाही. तो सिनेमाच डोक्यात.

पाच वर्षं झाली. सिनेमावाल्यांनी भावाची वाडी भाड्यानं घेतली होती. हिरॉईनचा टोप मागून खोटा दिसत होता. वहिनी त्यांना जेवण द्यायची, ती म्हणाली, "आमच्या नणंदेचे बघा, तुमाला मशीन लावून पन असे केस मिलनार नाय." विलास म्हणाला, जा, मजा येईल. गेले. काम एवढंच, ओटीवर पाठमोरं बसायचं आणि विंचरायचं. काळ्या टी-शर्टातला डायरेक्टर होता, माणूस बरा. म्हणाला, "ताई, मागून कितीही हाक आली तरी वळायचं नाही. बाकी काही नाही."

सिनेमातली मुलगी हाक मारायची तेव्हा मी दगडासारखी बसायचे. पण सई तेव्हा तीन वर्षांची, वहिनीच्या कडेवर. तिला वाटलं हा खेळच आहे. तिनंही मारली हाक. आणि मी वळले. सगळं थांबलं. "ताई, वळायचं नाही म्हटलं होतं ना." परत लाईट, परत सगळं. सईनं परत हाक मारली, मी परत वळले. शेवटी वहिनी तिला घेऊन समुद्रावर गेली तेव्हा सीन झाला.

कंगव्यातलं गुंतवळसुद्धा मागून घेतलं होतं त्यांनी, मोरीच्या जाळीतून ओढून काढायच्या सीनसाठी. सा.बा. तेव्हा म्हणाल्या होत्या की आपलं गुंतवळ कोणाच्या हातात देऊ नये. आता उशीवर, मोरीत, भाताच्या घासात... आता तेही संपलं.

१८ नोव्हें.
तिसरा केमो. पहाटे निघून संध्याकाळी परत. भुवया गेल्याच होत्या, आता पापण्याही. गोळ्यांनी तोंड सुजलंय, रंग जळका. आरशात बघितलं. घाबरण्यासारखंच आहे.

२१ नोव्हें.
सई शाळेतून आली तेव्हा मी रुमाल काढून पडले होते. उंबऱ्यात थांबली. बूट काढले नाहीत, दप्तर काढलं नाही. मी म्हटलं ये, ती म्हणाली आजी कुठंय. आजी दळण आणायला गेली होती. मग सई आजी येईपर्यंत बाहेर जिन्यात बसली. मी आतून दोनदा बोलावलं.

माझी पोर मला घाबरते. लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही.

२३ नोव्हें.
विलास म्हणतो, लहान आहे, सवय होईल. त्याची सेकंड शिफ्ट. कंपनीतून येताना कपड्यांना औषधांचा वास असतो आणि मला तो आता सोसत नाही, म्हणून बिचारा जिन्याखालच्या नळावर अंघोळ करून वर येतो. थंडीत. हा कधी कुरकुर करत नाही याचाच मला राग येतो कधीकधी.

२५ नोव्हें.
विलासनं टोप आणला. चांगला आहे, खांद्यापर्यंत. मी तो घालून, भुवया पेन्सिलीनं काढून, पलंगावर बसले. खिडकीकडे तोंड होतं. सई आली, मला मागून बघितलं आणि किंचाळली. तशीच, त्या दोघी किंचाळल्या होत्या तशी. आजीच्या पदरात शिरली, तिथून बाहेर येईना.

केस असले तर सिनेमातली. नसले तर ही, आरशातली. मधली आई कुठून आणू. टोप कपाटात टाकला.

रडले. विलासला वाटलं दुखतंय. हो म्हटलं.

३० नोव्हें.
हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

दुपारी घर गप्प होतं. सा.बां.च्या खोलीत सई त्यांचा मोबाईल घेऊन बसली होती, पाठ माझ्याकडे. कार्टून बघत असेल असं वाटलं. तोच सीन. ओटी, पाठमोरी मी, केस. बाई वळायच्या आत सई बोटानं मागे नेते आणि पुन्हा पहिल्यापासून. वळू देत नाही तिला. पुन्हा ओटी, पुन्हा कंगवा. आणि हळूच, मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन, "आई."

मी भिंतीला धरून उभी.

सा.बा. म्हणाल्या, "रोजच बघतीया. गप बसती, म्हणून देते." त्यांना काय दोष द्यायचा.

लोक त्या सीनला डोळे झाकतात. माझी मुलगी त्यात आपली आई बघते. आणि मी या खोलीत जिवंत बसलेय, तर मला नाही बघत. एवढी वर्षं मला वाटायचं की भुतं मेल्यावर होतात.

४ डिसें.
वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग, "पोरीला आमच्याकडं पाठव चार दिवस. ती घाबरते ती तुला नाय गं, तुझ्या दुखन्याला. आमी हाय ना."

सईला विचारलं, मामीकडे जातेस? लगेच हो. स्वतःची बॅग स्वतः भरली. रिक्षात बसताना हात केला, पण माझ्याकडे नाही, बाल्कनीकडे. बाल्कनीत सा.बा. होत्या.

१० डिसें.
रिपोर्ट आला. गाठ कमी झाली नाही. लिव्हरवरही डाग आहे म्हणे. डॉक्टर तरुण आहे, हे सगळं तो स्क्रीनकडे बघून बोलला. "आपण औषध बदलून बघू. सोळाला ॲडमिट व्हा." आधी ऑपरेशन, ऑपरेशन म्हणायचे. आज विलासनं विचारलं तर, "ते नंतर बघू." सगळ्या बघू-बघूत माझं काय बघणार, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे विचारलं नाही.

परतताना चिल्हार फाट्यावर चहाला थांबलो. विलास पेला हातात धरून उभा, पीत नव्हता. मी म्हटलं, गार होतोय. तो म्हणाला, हो.



१२ डिसें.
मरणाचं एवढं नाही. म्हणजे आहे, खोटं कशाला लिहू, खूप आहे.  पण त्याहून हे आहे की मी गेले तर सईला मी कोणती आठवेन. जिन्यात बसून जिची वाट चुकवली ती. नाहीतर मोबाईलमधली, जिला तोंडच नाही ती.

ती जवळ आल्याला महिना होऊन गेला. तिच्या डोक्याचा वास आठवून बघितला, तेल आणि शाळेची धूळ असा होता. ॲडमिट व्हायच्या आधी एकदा तरी तिला जवळ घ्यायचंय. दुसरं काही मागणं नाही. सा.बां.ना म्हटलं, यावर उतारा आहे का काही? त्या मान फिरवून तांदूळ निवडायला लागल्या. डोळे पुसले त्यांनी, बघितलं मी.

१४ डिसें., शिरगाव
विलासनं इथं आणून सोडलं. परवा इथूनच मुंबईला न्यायचं.

सई वाडीत होती. मला बघून स्वयंपाकघरात गेली. तिथूनच बोलली, "आई, बरं वाटतंय का?" पाहुण्यांना विचारतात तसं. मी म्हटलं, हो, बरं आहे. वहिनी तिला म्हणाली, "जा गं, आईजवल बस." सई म्हणाली, मी नारळ खवते. खवणीवर बसताही येत नाही तिला अजून.

जेवताना तिनं ताट पलीकडे फिरवून घेतलं, माझ्याकडे पाठ करून.  मी अर्ध्यावर उठले.

१५ डिसें.
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचंय, हात ठणकला तरी.

संध्याकाळी सईचं खाणं चाललं होतं म्हणून मी मुद्दाम बाहेर येऊन बसले. तिला तरी सुखानं खाऊ दे. ओटीवर, त्याच जागी. दुसरी जागाच नाही, बाकीकडे सुपारी वाळत घातलीय. तोंड वाडीकडे. वारा येत होता, रुमाल काढून मांडीवर ठेवला. सा.बां.नी बघितलं असतं तर, तिन्हीसांजेला, त्याच ओटीवर... पण आता मोकळं सोडायला आहे काय.

मागे पावलं वाजली. वहिनीची नव्हेत. दारात येऊन थांबली.

"आई."

मान वळायला निघालीच होती.

"वळू नको. तू इकडे बघू नको हं."

मी तशीच. समोर चिकूची झाडं, त्यामागे अंधारत चाललेलं आभाळ. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं गेली. मग ओटीवर बसल्याचा आवाज आला, लांब. मग जवळ. मग आणखी. तिचा श्वास लागला पाठीला. मग गाल. ब्लाउजच्या वर, उघड्या पाठीवर, ऊन ऊन गाल. दोन्ही हात पोटाशी आले माझ्या.

"उद्या नेणार तुला?"
"हो."
"कधी येणार?"
"औषध संपलं की."
"केस येतात परत?"
"येतात म्हणे."
"वळणार नाहीस ना?"
"नाही."

मग ती बोलत राहिली. मामीच्या मांजरीला पिल्लं झालीत, एक पांढरं आहे. शाळेत तिला नाच मिळालाय, शेवटच्या रांगेत, पण उंच आहे म्हणून, येत नाही म्हणून नव्हे. महिनाभराचं सगळं माझ्या पाठीत बोलली. मी हं हं करत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण पुसायला हात उचलला तर ती उठेल असं वाटलं, म्हणून तसंच वाहू दिलं. डास चावत होते. उजवा पाय बधिर झाला. आतून वहिनी म्हणाली, "अगं दिवा लावते, आत या," आणि दारापर्यंत येऊन परत गेली, दिवा न लावता.

पाच वर्षांपूर्वी हिनंच हाक मारली की मी वळायचे आणि सगळ्यांचा सीन घालवायचे. त्या काळ्या टी-शर्टवाल्यानं आज बघायला हवं होतं. अंधार पडेपर्यंत बसले. एकदाही वळले नाही.

आता ती आत झोपलीय. विलासचा फोन आला, सकाळी सहाला गाडी घेऊन येतो. ती दारात येईल का माहीत नाही. आली तर गाडीत बसताना मला तिच्याकडे वळावं लागेल.