पोत्यांच्या काट्यावर

कालाफात,
१२ मार्च

तीर्थस्वरूप ओलिंपियाताईंना,

सादर नमस्कार. तुमचे गुडघे आणि क्रायोवातला ओला गारठा यांचे या वर्षी तरी जमले असावे, अशी आशा करतो. इकडे डॅन्यूब नेहमीप्रमाणे रुंद, गढूळ आणि संथ आहे. माझी प्रकृतीही तशीच आहे.

आपल्या दोघांच्याही घरी फोन आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु फोनवर तुम्ही रडता, मी घसा खाकरतो, आणि कोणाचेच बोलणे पुरे होत नाही. म्हणून हे पत्र.

शनिवारच्या मिनीबसने पाठवलेले भांडे सुखरूप पोचले. कोबीच्या पानांत गुंडाळलेला डुकराचा खिमा, वर थिजलेल्या चरबीचा पांढरा थर, आणि झाकणाला दोऱ्याने बांधलेली मेणबत्ती. माझ्या लिओन्तिनाच्या, तुमच्या धाकट्या-थोरल्या सुखदुःखातल्या बहिणीच्या, आत्म्यासाठी दिलेले अन्न, ही पोमाना, हाती घेताना जे म्हणावयाचे असते ते, ‘देव तिला क्षमा करो’, मी ड्रायव्हरच्या देखत स्पष्ट उच्चारले. रीतीत माझ्याकडून कसूर झालेली नाही.

आता विनंती करतो. कृपया ही भांडी थांबवावीत.

डॉक्टर कोद्रुत्साबाईंनी मला वजन उतरवण्यास सांगितले आहे. त्या वयाने लहान आहेत, परंतु समंजस आहेत. “घाई करायची नाही,” त्या म्हणाल्या. “महिन्याला एक किलो, फार तर दीड. जसं न सांगता आलं, तसंच न सांगता जाईल.” मी विचारले, की या वयात एवढी खटपट कशासाठी करावयाची? त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि रक्तदाबाची गोळी बदलून दिली.

मी तीस वर्षे कत्तलखान्यात पशुवैद्य होतो, हे तुम्ही जाणताच. डुकराच्या पाठीवरची चरबी आडव्या बोटांनी मोजावयाची, यकृत उलटून पाहावयाचे, आणि मग निळा शिक्का मारावयाचा, हे माझे काम. त्या जनावरांची मला कधी किळस आली नाही. ती स्वच्छ होती आणि आपल्या आकाराला जबाबदार नव्हती. किळस मला आता येते. अंघोळीनंतर आरशातली वाफ पुसली की समोर जे उभे असते, त्याच्या पोटाची घडी मांडीवर आलेली असते आणि घडीखाली घामाने लाल झालेली कातडी असते. मोजा चढवताना मी घोड्यासारखा फुरफुरतो. अशा जनावरावर मी शिक्का मारला नसता. बाजूला काढून ठेवले असते.

लिओन्तिनाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तुम्ही माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढले, तेव्हा पाद्रीबाबांसमोर मी म्हणालो, की मी नाताळासाठी पोसलेले डुक्कर नव्हे. शब्द असभ्य होते. आशय मी मागे घेत नाही.

आपला,
तिबेरियू गिर्निचानु


कालाफात,
१९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ओलिंपियाताईंना,

नमस्कार. तुमचे एप्रिलमधले उत्तर चार ओळींचे होते. त्यामुळे ते पाठ करणे सोपे गेले. “भावजी, तुम्ही जे फेकता ते तिच्या तोंडातून काढून फेकता. तुम्ही इथे खाल्लं तरच तिला तिथे मिळतं. बारीक व्हायची हौस आहे तर व्हा. माझ्या बहिणीला उपाशी ठेवून होऊ नका. भांडी येतीलच.”

भांडी येत राहिली. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो: मी काहीही फेकलेले नाही. तुमचे प्रत्येक भांडे, मेणबत्तीसकट, मी पेत्राकेकडे नेतो. आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याची मक्याची वखार आहे, तो पेत्राके. तो मेणबत्ती लावतो, टोपी काढतो, म्हणावयाचे ते म्हणतो, आणि मग उभ्याउभ्या बोटांनी खातो. चरबी त्याच्या मनगटावरून ओघळते. पाहवत नाही. परंतु पोमाना घरच्यापेक्षा बाहेरच्याने खाल्लेली अधिक पोचते, असे तुमच्याच आई म्हणत असत.

वजनही मी त्याच्याच वखारीत करतो. घरात काटा ठेवला तर माणूस सकाळ-संध्याकाळ त्यावर चढतो आणि वेडा होतो. पेत्राकेकडे पोती तोलण्याचा लोखंडी काटा आहे. महिन्यातून एकदा मी त्यावर उभा राहतो. पहिल्या खेपेस तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही दोन पोती मका आणि वर एक डुकराचं पिल्लू.” हमाल हसले. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते अधिकच हसले. जुलैत मी दोन पोती आणि एक कोंबडी होतो. “कोंबडीही बारीक होत चाललीय,” असे पेत्राके म्हणाला. त्याचा स्वतःचा आकार माझ्या आत्ताच्या आकाराएवढा आहे, पण त्याचे त्याला काहीच वाटत नाही. ही गोष्ट मला शिसारी आणते, आणि थोडा हेवाही वाटतो.

सर्व सुरळीत चालले आहे असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ईस्टरला शेजारणीने अक्रोडाचा गोड पाव दिला. एक काप घ्यावयाचा, असे ठरवून मी कोठीत गेलो. सुरी हातात होती. ती वापरली नाही. फडताळाला टेकून, हाताने लचके तोडत, मी अख्खा पाव संपवला. शेवटी कागदाला चिकटलेली साखर जिभेने काढली. एकाहत्तर वर्षांचा, पदवीधर माणूस. नंतर अंगणात ओकलो. त्या महिन्यात काटा हलला नाही, उलट वर गेला. पेत्राके म्हणाला, “पिल्लू परत आलं वाटतं घरी?” मी उतरलो, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा चढलो. यापलीकडे माझ्याजवळ निश्चयाचे दुसरे कोणतेही गुपित नाही.

खाण्याविषयी तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही. मागल्या शरद ऋतूत तुम्ही येत होता तेव्हा लिओन्तिना पलंगावर असे, आणि तुम्ही गेल्यावर ती उठून स्वयंपाकघरात जात असे. तिच्या घशाखाली पाण्याचा घोटही मुश्किलीने उतरत होता. तरी ती माझ्यासाठी रांधत असे. स्टूल ओढून माझ्यासमोर बसे आणि म्हणे, “खा. आणि सांग.”

“काय सांगू?”

“मीठ कसं पडलंय ते सांग. मांस सुटतंय का हाडापासून? नुसतं ‘छान’ म्हणू नकोस, तिबी. तपासणीचा अहवाल लिहितोस ना, तसं सांग.”

मी सांगत असे. ती डोळे मिटून ऐके, आणि तिचा घसा हलत असे. ताट संपले, की म्हणे, “अजून घे, माझं पोट भरलं नाही.” मी घेत असे. तिच्या अंगावरून जे जे उतरले, ते माझ्या अंगावर चढले. तिच्या बोटातली अंगठी निसटली त्याच आठवड्यात माझा पट्टा अपुरा पडला. ताई, तुमच्या भांड्याचे झाकण उघडले, की मला तिचा हलणारा घसा दिसतो. मी झाकण पुन्हा लावतो. आणि किलोभर वजन उतरले म्हणजे काय उतरले, हे मी पेत्राकेच्या हमालांना सांगू शकत नाही.

बाकी ठीक. मारियामातेच्या सणाला दुपारी पेत्राके फाटकाशी येऊन ओरडत होता, कारण तो माझा वजनाचा दिवस होता. माझा पोशाख वखारीत जाण्याजोगा नव्हता, त्यामुळे त्याला थोडे थांबावे लागले. टरबुजे या वर्षी पाणचट आहेत.

आपला,
तिबेरियू


कालाफात,
२३ नोव्हेंबर

प्रिय ओलिंपियाताई,

तुमचे लांब पत्र मिळाले. तुम्ही लिहिता, की ती स्वयंपाकघरात उठून जात असे हे तुम्हाला माहीत नव्हते, आणि ते वाचल्यावर दोन शनिवार तुमच्याने चूल पेटवली गेली नाही. तुम्हाला दुखवावयाचे मनात नव्हते. परंतु तुम्ही शेवटी विचारता, “भावजी, खरं सांगा, हे बारीक होण्याचं कोणासाठी चाललंय?” तेव्हा खरे सांगतो. मार्चमध्ये मी डॉक्टरीणबाईंचे नाव पुढे केले. त्यांनी सांगितले होते, हे खरे. परंतु त्या तीन वर्षांपासून सांगत होत्या आणि मी तीन वर्षे ऐकत नव्हतो.

आमच्या कपाटावरची पुठ्ठ्याची पेटी तुम्हाला आठवत असेल. तिच्यात लिओन्तिनाने माझे मरणाचे कपडे बांधून ठेवले आहेत: सदरा, मोजे, टॉवेल, मेणबत्ती. “माझ्यामागे तुझं कोण करणार, तिबी? तुला तर स्वतःचा रुमाल सापडत नाही.” सूट तिने नवा शिवून घेतला, करड्या रंगाचा. शिंप्याला घरी बोलावून, त्या ऑक्टोबरमधल्या माझ्या मापाने. बटणे तिने स्वतः लावली, कारण शिंप्याची बटणे सैल असतात. चार टाके घाली आणि विसावा घेई.

तो सूट फार दिवस वाट पाहणार नाही, असे मी चाळिसाव्यानंतर ठरवले होते. काही भयंकर करण्याचा विचार नव्हता. मी शिस्तीचा माणूस आहे. गोळ्या घेणे फक्त सोडून दिले, आणि तुमची भांडी खात राहिलो. पेत्राकेकडे ती मार्चपासून जाऊ लागली. त्याआधीची सर्व मी एकट्याने संपवली.

फेब्रुवारीत एके सकाळी सूट अंगावर घालून पाहिला. कोट पाठीत अडकला. विजारीची बटणे आणि काजे यांच्यामध्ये माझी पूर्ण तळहाताएवढी चरबी उभी होती. मला घामाचा वास आला, आणि तो माझाच होता. ताई, जाड प्रेताला कपडे कसे घालतात हे तुम्ही पाहिले नसेल. मी पाहिले आहे. कोट मागून कात्रीने उभा फाडतात, दोन्ही भाग बाजूंनी खोचतात, आणि समोरून सर्व व्यवस्थित दिसते. तिने बटणे लावलेला कोट ते लोक पाठीत फाडणार होते. मला इतकी किळस आली की मी तिथेच जमिनीवर बसलो. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि गोळ्याही पुन्हा सुरू केल्या, कारण माप जुळण्यापूर्वी मरणे आता परवडणारे नव्हते.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: मी शवपेटीत नीट मावण्यासाठी बारीक होत होतो. माणसाला उमेद कशाचीही पुरते.

मारियामातेच्या सणाला दुपारी सूट बसला. तिने वितीने माप घेतल्यासारखा बसला. सर्व बटणे लागली. मी मोजे चढवले, पलंगावर आडवा झालो आणि हात छातीवर ठेवले. काय होणार अशी माझी अपेक्षा होती, ते सांगता येत नाही. ऑगस्ट होता. मानेखाली घाम साचला, एक माशी ओठावर बसली, बाहेर कोणी टरबूजवाला ओरडत गेला. आणि माझ्या मनात आले, की आज वजनाचा दिवस आहे, आणि या खेपेस कोंबडी गेली असेल.

तेवढ्यात फाटकाशी पेत्राके. “डॉक्टरसाहेब, काटा पुसून ठेवलाय! येताय का मेलाबिलात?”

“थांब,” मी ओरडलो, “कपडे बदलतो.”

कोंबडी खरेच गेली होती. हमालांनी टाळ्या वाजवल्या. असभ्य लोक आहेत. पुढल्या महिन्यात मी पुन्हा गेलो, आणि त्याच्याही पुढल्या. सूट बसला होता, मग मी कशासाठी जात होतो, हा विचार मला सप्टेंबर संपेपर्यंत सुचलाही नाही. आता कोट खांद्यांवरून ओघळतो आणि विजार हाताने धरावी लागते. शिंप्याकडून आत घेता येईल, परंतु मी तो नेलेला नाही.

किळस गेली असे समजू नका. पोटावर आता रिकामी कातडी लोंबते, फुगा फुटल्यावर राहते तशी, आणि अंघोळीनंतर मी आरसा पुसावयाचे टाळतो. परंतु मोजे मी न फुरफुरता चढवतो.

आता वर्षश्राद्धाविषयी. ते डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे. नाताळाचा उपास चालू असल्यामुळे ताटात मांस नसेल. घेवड्याची उसळ, मासा आणि उकडलेला गोड गहू. घेवडा मी रांधणार आहे. मीठ कसे पडले ते तुम्ही सांगावे. नुसते ‘छान’ म्हणू नये. माझ्या ताटात एकदाच वाढावे.

त्या दिवशी पोमाना म्हणून तिच्या नावाने मी तो सूट पेत्राकेला देणार आहे. पोटात त्याला बरोबर बसतो, बाह्या जरा आखूड पडतात. तो प्रथम बिचकला. “मेलेल्याचे कपडे मी घेतलेत, डॉक्टरसाहेब. पण जिवंत माणसाचे मरणाचे कपडे अजून कोणी दिले नव्हते.” मग बटणे ओढून पाहिली आणि म्हणाला, “पक्की आहेत. वसंतात नातीचं लग्न आहे, तिथे घालीन.” लग्नात तो त्यावर काय काय सांडील, याचा मी विचार करीत नाही.

तुमच्या विश्वासाप्रमाणे जे इथे देतो ते तिला तिथे मिळते. मी विज्ञानाचा माणूस आहे, यावर वाद घालीत आलो. या खेपेस घालणार नाही. तिला सूट मिळेल. ती आधी बटणे तपासील, मग बाह्यांमध्ये हात घालून पाहील, आणि आत कोणी नाही हे तिच्या ध्यानात येईल. रागावेल, असे मला वाटत नाही. स्टूल ओढून बसेल.

शनिवारची मिनीबस दहाला पोचते. मी थांब्यावर उभा असेन. मला ओळखावयास तुम्हाला क्षणभर लागेल, त्याचा राग मानू नये. भांडे आणू नका, तुम्ही या.

तिच्याकडे जावयास अजून उशीर असलेला,
तिबेरियू