इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत

३ मार्च २००५, बेस्ट (नेदरलँड्स)

मृत्युपत्र नाही! सुश्रुतने डिशवॉशरचीसुद्धा जादा वॉरंटी घेतली होती, पण मृत्युपत्र म्हटलं की, ‘आत्ताच कशाला!’ चाळिशीत सगळेच अमर असतात. महामार्गावरच्या धुक्यातल्या अपघातात तो आणि त्याची बायको संपदा दोघंही गेले. त्यांची बारा वर्षांची सलोनी तेव्हा माझ्याकडे होती — शेजारीण म्हणून. अजून इथेच आहे. तिचा पालक आता कोर्ट नेमणार. घर, पैसे सगळं ती अठराची होईपर्यंत न्यायाधीशांच्या नजरेखाली.

९ मार्च

पुण्याहून सुश्रुतचे थोरले भाऊ आले, शिरीष. भला माणूस. बायको शामला गुडघ्यांनी बेजार, फ्लॅट दोन खोल्यांचा. तरी, ‘आमचं रक्त आहे, नीलांबरीताई. लोक काय म्हणतील?’

‘लोकांनाही बोलवा की सुनावणीला!’

हसले नाहीत. रडले. माझी जीभ कधीतरी गहाण टाकायला हवी.

११ मार्च

मी मराठीत विचारते, सलोनी डचमध्ये उत्तर देते. पोह्यांवर केचप घातलं. मी गप्प बसले! दुसरा लाडू ‘नको’ म्हणाली. आग्रह केल्यावर खाल्ला. संपदाची शिस्त.

१६ मार्च

सुनावणी. न्यायाधीशबाई सायकलची पिशवी खांद्याला लावून आल्या. आधी सलोनीला एकटीला आत नेलं — इथे बारा वर्षांच्या मुलांचं मत घेतात. आमच्याकडे पन्नाशीतही कोणी घेत नाही.

मग आम्ही. मला थेट प्रश्न: तुम्हाला पालक व्हायचंय?

आणि मी — मी! — म्हटलं, ‘छे छे, मी कोण? सख्खे काका आहेत ना.’

आधी नको म्हणायचं, समोरच्याने ‘असं कसं?’ म्हणायचं, मग हो. आईने घोटवून घेतलेलं. बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं. संपलं! मंडळाच्या गणपतीत वर्षानुवर्षं मी याच्याच नकला करून हशा मिळवलाय.

शिरीष ‘हो’ म्हणाले. स्मशानातल्या आवाजात.

सलोनीही आत म्हणाली म्हणे, पुणे चालेल. निकाल पुढच्या आठवड्यात.

१७ मार्च

पोरगी न सांगता खोली आवरतेय. वाईट लक्षण.

१८ मार्च

चहाच्या वेळी शिरीषना सांगून टाकलं, ‘मला हवीय ती.’

कप खाली. ‘अहो, मग तेव्हा का नाही बोललात?’

‘वाटलं, तुम्ही आग्रह कराल.’

‘आणि मी वाट बघत होतो, तुम्हीच म्हणाल — राहू दे इथेच! मी कसा नाही म्हणणार? सख्खा काका!’

दोन शहाणे पुणेकर. एका लेकराचं आयुष्य शिष्टाचारात घालवणार होतो.

त्यांनी शामलाताईंना फोन लावला. पलीकडून हुंदका, मग, ‘सुट्टीत मात्र पाठवायची हं!’

कोर्टाला कळवलं. तिथून उत्तर — तुमचं ठीक, पण मुलगी पुणे म्हणालीय. तिच्याशी पुन्हा बोलावं लागेल.

खरंच जायचं असेल तिला तर?

१९ मार्च

न्याहारीला विचारलं, ‘सलोनी, राहशील माझ्याकडे?’

ताटलीत बघत डचमध्ये म्हणाली, काही गरज नाही.

मी कप विसळायला उठले. कितीतरी वेळ विसळत राहिले. मग लाडू आठवला.

वळून पुन्हा विचारलं.

‘हो,’ म्हणाली. मराठीत.