स्थिरावण्याआधीचा आकडा

दि. १९ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलायला लागलं की अण्णा कान टवकारून बसतात, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच तब्येतीचं बोलायचं म्हणजे ‘हो, बरं, ठीक’ एवढंच उरतं. म्हणून हा खटाटोप.

गेल्या रविवारी तू दुपारच्या ऐवजी पहाटेच्याच बसनं येऊन थडकलीस, त्याचं कौतुक इथं अजून चालू आहे. डायलिसिस सेंटरात नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना कळलंय की गावाच्या नळाला येणारं पाणी वर धरणापाशी अण्णांची लेक तपासते आणि मगच सोडते. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका असतात. त्यांनी हे तीनदा ऐकून घेतलं. बिचाऱ्या उठून जाणार कुठे? अण्णांना मात्र पडल्या जागी चैन नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस तासन्‌तास नळ्यांना बांधून घातलेला. उजवा पाय सारखा ब्रेक शोधत असतो.

आता कामाचं. इथल्या पाण्याला काही दिवस उग्र वास येतोय. चहा प्यायला की पोहण्याच्या तलावात तोंड उघडल्यासारखं वाटतं. माझ्या चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नंबर सांगायच्या आधी पाण्याबद्दल कुरकुरतं, आणि तू माझी बहीण आहेस हे मी सध्या कुणाला सांगत नाही. अण्णाही उतरलेत. ओठ पांढरे दिसतात, दोन पायऱ्या चढले की थांबतात. हिमोग्लोबिन घसरलंय. डॉक्टर म्हणतात, या दुखण्यात असं व्हायचंच. मला ते पटत नाही आणि कारणही सापडत नाही. दुकानात लक्ष लागत नाही. काल एका आजोबांना मी बायकांची फ्रेम लावून घरी पाठवलं.

तुझ्याकडे काही कमीजास्त झालंय का, तेवढं बघ. अण्णांना या पत्राचं ठाऊक नाही. राग न धरता उत्तर धाड आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, आणि अण्णांचं वाचल्यावर ताट बाजूला सारलं. हिमोग्लोबिनचे मागचे सगळे आकडे मला लगेच कळव. इथं क्वार्टरच्या दोन खोल्यांत नुसत्या येरझारा चालल्यात. दूध उतू गेलं ते शेजारणीनं येऊन सांगितलं.

पाण्याचं म्हणशील तर तुझं नाक लहानपणापासून आगाऊ आहे. पाण्यात क्लोरीन घालतात ते जंतू मारायला. ते काम झाल्यावरही थोडं शिल्लक राहावं लागतं, म्हणजे पुढे पाइपात काही शिरलं तर त्याचा बंदोबस्त होतो. ही शिल्लक किती, ते मोजणं माझं काम. पूर्वी बाटलीत गोळी टाकून पाणी किती गुलाबी होतं ते डोळ्यांनी पाहायचो. आता सेन्सर आला. त्याला अंगठ्याएवढी टोपी, टोपीच्या तोंडाशी पातळ पडदा, आत द्रावण आणि धातूचं टोक. क्लोरीन पडद्यातून आत झिरपतं, टोकापाशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि इवलासा वीजप्रवाह निघतो. क्लोरीन जास्त तर प्रवाह जास्त. आकडा खाली गेला की पंप आपणहून जास्त क्लोरीन सोडतो, वर गेला की हात आखडतो. हा सेन्सर मिळावा म्हणून मी साहेबांपाशी वर्षभर भुणभुण लावली होती, हे तुला माहीत आहे.

तर माझा सेन्सर रोज लिटरला अर्धा मिलिग्रॅम दाखवतोय. हवा तेवढाच. आलेखाची रेघ तर पट्टीनं मारल्यासारखी. माझ्याबरोबरच्या केमिस्टनं सोमवारी जुन्या सवयीनं गोळी टाकून पाहिली, तर म्हणे पाणी फारच गडद झालं. मी त्याला म्हटलं, खोलीत उजेड कमी असेल, डोळा फसतो, सेन्सर फसत नाही. तेव्हा तू गिऱ्हाइकांना खुशाल सांग की तू माझाच भाऊ आहेस.

अण्णांना एकटं पायऱ्या चढू देऊ नकोस. लोभ आहेच, तो आगाऊ नाकासकट आहे.

तुझी,
अक्का


दि. २९ जानेवारी

ती. अक्कास,
न. वि. वि.

काल रात्रीपासून फोन लावतोय, तुमच्या डोंगरात लागत नाही. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो अण्णांच्या जुन्या सोबत्यांपैकी आहे, तुझ्याच हातात देईल. आज थट्टा सुचत नाही.

काल दुपारी यंत्रावर असतानाच शिक्षिकाबाईंना धाप लागली, छातीत दुखायला लागलं. टेक्निशियननं सगळ्यांची यंत्रं बंद केली. सेंटरात येणारं पाणी आधी कोळशाच्या टाक्यांमधून जातं, कोळसा क्लोरीन शोषून घेतो. टेक्निशियन रोज सकाळी टाक्यांतून बाहेर पडलेलं पाणी तपासतो आणि सकाळी ते ठीक होतं. काल दुपारी पुन्हा तपासलं तर क्लोरीन टाक्या ओलांडून आलेलं. ते रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात, हे मला काल कळलं. रोज दुपारपर्यंत थोडं थोडं निसटत असणार, म्हणजे अण्णांचं रक्त का उतरत होतं तेही कळलं. मग त्यानं नळाचं पाणी घेतलं. तो म्हणतो, नेहमीच्या दुप्पट आहे, कोळसा मुदतीच्या किती तरी आधी संपला तो त्यामुळेच.

बाईंना मोठ्या इस्पितळात हलवलंय, रक्त चढवताहेत. कोळसा बदलेपर्यंत सेंटर बंद. दुसरीकडे जागा नाही. अण्णांची एक पाळी हुकली. पाय सुजलेत, आडवं झालं की गुदमरतात, म्हणून रात्र त्यांनी खुर्चीत काढली. पाणी दिवसाला पेलाभर. तोही मी नीट पिऊ देत नाही म्हणून माझ्यावर ओरडले.

तुझा सेन्सर अर्धा म्हणतो, टेक्निशियनची बाटली एक म्हणते. अक्का, तू म्हणशील ते मी आजवर डोळे मिटून मानत आलो. या वेळी तू गोळी टाकून बघ, उजेडात. माझा जीव टांगणीला लागलाय, परतीच्या बसनं चिठ्ठी दे.

तुझा,
धाकटा


दि. ३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गोळी काल दुपारीच टाकली. अंगणात, उन्हात. मग दुसऱ्या डब्यातली टाकली. दोन्हींचा आकडा एकच आला, आणि तो टेक्निशियनचा होता. पंप सेन्सरवरून काढून हातानं चालवायला घेतला. जागेवरून हलायला मन तयार नव्हतं म्हणून चिठ्ठी कालच्या बसला देता आली नाही. उद्यापर्यंत तुमच्या नळाचं पाणी ताळ्यावर येईल, तसं सेंटरला कळव.

आता कसं झालं ते. सेन्सरची टोपी आणि द्रावण बदललं की तो रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा असतो. सुरुवातीला त्याचा प्रवाह उगाच चढलेला असतो, हळूहळू उतरून स्थिर होतो. मग गोळीशी ताडून आकडा जुळवायचा. मी तिकडे आले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, टोपी बदलली. रविवारी सकाळी आकडा जुळवून दुपारच्या बसनं निघायचं ठरलं होतं. पण अण्णांना पाहायला जीव नुसता तळमळत होता. पहाटेची बस मिळावी म्हणून मी तासाभरातच, प्रवाह चढलेला असतानाच, आकडा जुळवला आणि पिशवी भरली. रात्रीत प्रवाह उतरला. सेन्सरला वाटलं क्लोरीन कमी झालं. पंपानं वाढवलं, आणि आकडा अर्ध्यावर येईपर्यंत वाढवतच गेला. म्हणजे दुपटीपर्यंत. त्या सरळ रेघेचा मी तुझ्यापाशी तोरा मिरवला.

साहेबांना सगळं लेखी दिलंय. चौकशी होईल, कदाचित हे काम माझ्याकडून जाईल. त्याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण वाटतं. तरी मन तिथं ठरत नाही. अण्णांना भेटायला धावले आणि धावता धावता त्यांच्याच रक्तात विष सोडून आले. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना माझा केवढा अभिमान. मला यायचंय आणि यायला तोंड नाही. त्यांना काही झालं तर मी काय करू?

आधी लोभाची मागणी करायचास तो तू. आज मी करते.

तुझी,
अक्का


दि. ५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण एका हातात सुया आहेत आणि कागद मांडीवर. म्हणजे यंत्र सुरू झालंय. ही तिसरी पाळी. पायांची सूज उतरली, काल रात्री आडवा होऊन झोपलो. रक्त भरून यायला वेळ लागेल म्हणतात.

धाकट्यावर चिडू नकोस. त्यानं तोंड उघडलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून मीच उलटतपासणी घेतली. त्याला जन्मात कधी लपवता आलंय?

चूक तुझी आहे. जाऊ दे गं म्हणणारा बाप मी नाही. अति घाई संकटात नेई, हे मी जन्मभर पुढच्या ट्रकच्या पाठीवर वाचत आलो, घरात मात्र कुणाला शिकवलं नाही. तुझं पत्र मी मागून घेऊन वाचलं. त्यात जिकडे तिकडे मीच आहे. बाईंबद्दल एक अक्षर नाही. त्या मागच्या पाळीपासून शेजारच्या खाटेवर परत आल्यात. तुझी फुशारकी मी त्यांनाच ऐकवली होती, तेव्हा हेही मलाच ऐकवावं लागलं. ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आज विचारलं, पोरीनं स्वतः लिहून दिलं की पकडली गेली? मी म्हटलं, स्वतः. तेव्हा म्हणाल्या, तिला इकडे यायला सांगा, मला बोलायचंय. माफ करणार आहेत असं मी समजत नाही, तूही समजू नकोस. पण यायला तोंड नाही वगैरे पुन्हा लिहू नकोस. ये, आणि त्यांना समोर बसून सांग.

मी कधी कुणासाठी गाडी थांबवली नाही. तुझी आई एकदा धावत येताना आरशात दिसली, तरी वेळेवर सोडली. आठवडाभर अबोला होता. तुला ती घाई माझ्याकडूनच आली असणार. आता असं कर. सेन्सरला नवी टोपी घाल. रात्रभर पाण्यात राहू दे. सकाळी जुळव, गोळी टाकून पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. पाणी नीट आहे अशी तुझी खात्री पटली की मग जी मिळेल ती बस धर. दिवस लागले तर लागू देत. मी थांबतो.

लोभ होता तेवढाच आहे. चौकशीनं त्यात फरक पडायचा नाही.

तुझे,
अण्णा