निवृत्ती शिंप्याच्या दोन सुया

लोणावळे
(तारीख मुद्दाम घातलेली नाही, कारण शेवटी.)

प्रिय दाजीसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपले गुडघे आणि आक्काचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. धुक्यात धोतर वाळत नाही, एवढीच तक्रार.

आपला कोट शिवणारा निवृत्ती शिंपी आठवतो ना? गेल्या वर्षापासून त्याला एका सुईच्या दोन सुया दिसू लागल्या, पाय बधिर झाले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. गावाने निदान केले : दारू. (त्याने आयुष्यात काढ्याशिवाय कडू काही घेतलेले नाही.) पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, मल्टिपल स्क्लेरोसिस. मला आधी वाटले, कुणी ग्रीक सेनापतीच चालून आला. पण खरी आपत्ती पुढेच होती. बाजारात कुणीतरी विचारले, काय दिसतंय भाऊ? तो बिचारा खरे बोलला, दोन-दोन. त्याच दिवशी मटक्याच्या जुगारात दुरी, म्हणजे दोनचा आकडा, फुटली! दारुड्याचा एकदम सिद्धपुरुष झाला. आता तो पडला की लोक आधी आकडा काढतात, मग उचलतात. (डाव्या कुशीवर पडला तर कोणता आणि उजव्या कुशीवर तर कोणता, याचे शास्त्रही तयार आहे, आमच्या मीमांसकांना इतके बारीक सुचले नसते.) त्याची बायको नंदाबाई मला म्हणाली, "आबा, दारुड्या म्हणत व्हते तेच बरं व्हतं. पडल्यावर घरी तरी आणून घालीत."

म्हणून मी मारुतीच्या देवळात डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले. गर्दी पाहून ऊर भरून आला. विजेच्या तारेवरचे वेष्टण झिजावे तसे मज्जातंतूंवरचे झिजते, हे दुखणे ना दारूचे, ना देवाचे, ना संसर्गाचे, असे ते समजावीत होते. न सुटणारा जुगार हेही दुखणेच, शिव्यांनी बरे होत नाही, हेही त्यांनी सांगितले. (मी शिव्या संस्कृतात तयार ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या.) श्रोते बोटांची पेरी मोजत ऐकत होते. मी समजलो, जप चालला आहे. मागाहून कळले, डॉक्टर किती वेळा पाणी प्याले ते मोजत होते.

व्याख्यान संपताच सगळे तो आकडा लावायला पळाले. भाजे गावचा गेणू टांगेवाला तेवढा बसून राहिला. त्याचा टांगा मटक्यात गेला, घोडा गेला, बायको सरुबाई माहेरी गेली. रोज शपथ घेतो, रोज बाजाराकडे वळतो. खांबाला टेकून बसलेला निवृत्ती त्याला म्हणाला, "गेणू, माजं पाय ऐकंनात, तुजं हात. दोघं मिळून एक धड गडी व्हतोय का बगू." गेणू हुंदके देऊ लागला. तेव्हापासून तोच निवृत्तीला दंडाला धरून दुकानात नेतो.

आक्कास नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
वामनभट

ता. क. : पत्राचे कारण राहिलेच. दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या आपल्या स्नेह्याकडून एक चाकांची खुर्ची मिळवा. गेणूचा एक हात निवृत्तीच्या दंडाला असतो, पण दुसरा मोकळा राहतो आणि तो अजून बाजाराकडे ओढतो. तेव्हा दोन्ही हातांनी ढकलावी लागेल अशीच पाहा. जड असली तर उत्तम.

आणखी ता. क. : खुर्चीवर कुठे नंबर असल्यास खरवडून पाठवा. उत्तरात तारीख घालू नका. आमचा पोस्टमन रखमाजीही खेळतो. आणि हो, काल निवृत्तीला सुई एकच दिसली. नंदाबाईने साखर वाटली. (कशाबद्दल, ते मात्र सांगितले नाही, एक्का लावतील.)