चौथ्या गाण्यातला आवाज

पप्पा, तुमची ती कॅसेट आता मोबाईलवर सापडते. कोणीतरी चढवली आहे आणि कॉलेजातली पोरं खाली लिहितात, इतका उदास, इतका सुंदर अल्बम आमच्यापर्यंत पोचला कसा नाही? तेव्हा तर विक्रोळीत आपल्या चाळीतही तो कोणी पुरता ऐकला नव्हता. तुमचा ड्रमर मित्र हायवेवर अपघातात गेला आणि बँडमधल्या उरलेल्या तिघांनी कंपनीतली ड्युटी सांभाळून तो अल्बम केला, हे मला मोठी झाल्यावर कळलं. मला आठवतं ते स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय, टेप चालू आहे आणि चौथ्या गाण्यात तुमच्या आवाजामागून एका बाईचा आवाज येतो. आईचा हात थांबतो.

"ही कोण?"

"कोरस आहे गं."

"कव्हरवर नाव नाही तिचं."

तुम्ही टेप बंद केलात. मग ती कॅसेट घरात कधी वाजली नाही. तुम्ही गेलात, पण ती बाई आईच्या मनातून गेली नाही. माझ्याही नाही.

मागच्या महिन्यात तुमच्या गिटारवाल्या मित्राला गाठलं. खूप खोदल्यावर ते म्हणाले, "ड्रमरची बायको गं ती. मुलुंडला असते." संशय मिटायचा सोडून वाढलाच. गेले मुलुंडला. काकींचे केस पिकलेत, आवाज तोच.

"त्या गाण्यात तुझ्या पप्पांना हुंदका यायचा," त्या म्हणाल्या. "वरचा सूर लागेचना. मी स्टुडिओत डबे घेऊन गेले होते. ऐकवेना, म्हणून मीच लावला."

"मग नाव का नाही?"

"ह्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. मी माईकसमोर गाते हे सासरी कळतं तर वाट लागली असती माझी. कोणाला सांगू नका, अशी शपथच घातली होती सगळ्यांना." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुझ्या आईलाही नाही सांगितलं? वेडा माणूस!"

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने गाणं लावायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "सूर चांगला आहे तिचा."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. काकी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी उठून भिंतीवरचे, शोकेसमधले सगळे फोटो निरखून पाहिले. तुम्ही एकाही फोटोत नव्हतात. मला त्याचाही संशय आला.