दोन हातांमधली उशी

४ फेब्रुवारी

आज बाबांनी हात जोडले.

कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर सुटले. दार उघडलं तर बाबा खिडकीशी, खुर्चीत, डोळे मिटून. डाव्या हातानं निकामी उजवा हात धरलेला, बोटांत बोटं गुंतवलेली. दोन्ही हात छातीपासून हळूहळू वर — कपाळापर्यंत. तिथे थांबले. ओठ हलत होते, आवाज नाही. मग हात खाली. मग पुन्हा वर.

मी पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात उभी राहिले.

माझे बाबा! जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. "लिफ्ट अडकली की लोक आधी देवाला हाक मारतात आणि मग मला. पोचतो मी," असं सांगून जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवायचे. नास्तिकांचं मंडळ काढलं ते त्यांनीच. दादाच्या लग्नात प्रार्थना होणार होती, म्हणून पोटच्या पोराच्या लग्नाला गेले नाहीत.

नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, फार आशा ठेवू नका. मी ठेवली नाही. आशेचं आणि माझं तसंही कधी फारसं जमलेलं नाही. पण हे असं काही होईल ते कुणी बोललं नव्हतं.

५ फेब्रुवारी

मावशींना विचारलं. मी कामावर असते तेव्हा त्या बाबांजवळ असतात. जानेवारीत आल्या, आधीची बाई एक दिवस आली नाही, ती पुन्हा आलीच नाही.

"रोजच करतात की ताई. तुम्ही गेलात की एकदा, आणि उन्हं उतरली की एकदा. मी पण बसते त्यांच्याबरोबर हात जोडून. तेवढंच पुण्य."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? म्हातारी माणसं देवाचं करतातच."

रोज दोन वेळा, न चुकता. गोळ्यासुद्धा इतक्या नेमानं घेत नाहीत.

७ फेब्रुवारी

आजी अशीच बसायची. खिडकीशी, ओठ हलवत. बाबा तिची नक्कल करून दाखवायचे आणि म्हणायचे, "आई इतकी वर्षं बोलत होती, समोरून एकदा 'हं' नाही आलं." आता तेच आजीसारखे बसलेत. शेवटी माणूस आईकडेच जातो म्हणायचं.

रुग्णालयातून एक फिजिओवाली यायची डिसेंबरात. दुपारची, मी कामावर असताना. मी तिला धड पाहिलीसुद्धा नाही. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बदली कुणी पाठवलं नाही. मीही मागे लागले नाही. हात यायचा नाही तो नाहीच, उगाच म्हाताऱ्याचे हाल कशाला. म्हणजे आता या घरात उपचार बंद आणि प्रार्थना चालू. बाबांच्या घरात!

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळात गेले. टायरच्या दुकानावरची तीच खोली, खालून तीच ठोकाठोक. भिंतीवर बाबांचा फोटो. सुरुवातीला एक मिनिट शांतता, डोळे मिटून. ही प्रार्थना नाही, असं दर वेळी सांगून मग डोळे मिटतात.

आजचा विषय पेटलेला होता. पालिका मान्यता असलेल्या धर्मांना सभागृहासाठी जागा देणार आहे, फुकट. सेक्रेटरीकाकांचं म्हणणं, आपणही धर्म म्हणून नाव नोंदवावं. एकजण म्हणाला, "बिघडतं कुठे? आपल्याकडे पुस्तकं आहेत, वर्गणी आहे, भांडणं आहेत. धर्माला आणखी काय लागतं?"

मी उठले. मंडळात मी कधी बोलत नाही, पण बाबांचं वाक्य बाबा नसताना कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हटलं, "बाबा म्हणतात — मला पोहता येत नाही, म्हणजे न पोहणं हा माझा खेळ झाला का?"

सेक्रेटरीकाका हसले. "वाक्य फर्मास आहे. पण न पोहणारे दर रविवारी काठावर जमले, वर्गणी काढली आणि पोहणाऱ्यांबद्दल दोन तास बोलत बसले, तर? मग तो खेळच की गं."

सगळे हसले. मलाही हसू आलं. बाबांना उत्तर सुचलं असतं, आणि तेही काकांचं वाक्य संपायच्या आत.

घरी आले तर बाबा खिडकीशी हात जोडून बसले होते.

१२ फेब्रुवारी

आज मी लवकर घरी आले होते. सेक्रेटरीकाका न कळवता आले. वार्षिक सभेला बाबांना चाकाच्या खुर्चीतून न्यायचं ठरवायला. आणि नेमकी तीच वेळ!

काका बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला तो पडलाच. मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं, "आणखी कुणी पाहिलंय?"

"मावशींनी."

"मंडळातलं?"

"नाही."

"मेंदूला इजा झाली की माणूस लहानपणात जातो. त्यांचा दोष नाही यात. पण लोक काय म्हणतील, बघा, संस्थापकच शेवटी शरण गेले. सभेला नको आणूस त्यांना. आणि सध्या कुणी भेटायला नको. थकवा येतो म्हणून सांग."

मी म्हटलं, "काका, आपल्यात माणूस बाटतो का?"

"अगं, असं काय बोलतेस?"

"नाही, बाटायला आधी धर्म लागतो ना, म्हणून विचारलं."

काकांनी चहा अर्धा ठेवला. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. चाळीस वर्षांची मैत्री.

मोठ्या तोंडानं बोलले खरं, पण दार लावल्यावर मीच खिडकीचा पडदा ओढला. समोरच्या घरातून दिसतं.

१४ फेब्रुवारी

उशी शिवली.

कारखान्यातल्या सोफ्याच्या कामातले मखमलीचे तुकडे उरले होते, गडद हिरवे. आत फोमचे दोन थर. काठाला दोरी भरून पायपिंग घातलं, एका कोपऱ्यात वाकडं गेलं म्हणून उसवून पुन्हा घातलं. दोन्ही बाजूंना खुर्चीला बांधायला पट्ट्या. बाबांच्या मांडीवर ठेवली की एक हात इकडे, एक तिकडे. डावा हात उजव्यापर्यंत पोचत नाही.

मावशींना सांगितलं, हातांना आधार. माझ्या कारखान्यातल्या मुकादमानं पाहिली तर बक्षीस देईल, इतकी नीट झाली आहे.

१६ फेब्रुवारी

बाबांनी आज उशीची पट्टी दातांनी सोडवायचा प्रयत्न केला.

१९ फेब्रुवारी

पट्टी आता मागून बांधते.

मला काय इतकं झोंबतंय ते आज भांडी घासताना कळलं. बाबांनी मला देव दिला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या जागी जे दिलं ते बाबाच होते. शाळेत पोरं म्हणायची, तुम्ही पापी आहात, मी घरी येऊन सांगायचे, बाबा म्हणायचे, "पुरावा माग." बस. तेवढ्यावर मी एवढी झाले. आई गेली तेव्हासुद्धा तेवढ्यावरच उभी राहिले. ती कुठेही गेली नाही, ती संपली, हे मला बाबांनी सांगितलं आणि मी ऐकलं. आईला पुन्हा भेटायची आशा मी बाबांच्या शब्दाखातर सोडली.

आणि आता ते स्वतः खिडकीशी बसून कुणाशी बोलतात?

२० फेब्रुवारी

दादा आला. इतक्या वर्षांनी! मावशींनीच त्याचा नंबर शोधून फोन केला होता. त्यांना वाटलं, बरं करतोय आपण.

बाबांनी त्याला ओळखलं. डोळे भरून आले त्यांचे. दादानं विचारलं, "हे काय बांधून ठेवलंयस?" आणि मी काही बोलायच्या आत पट्ट्या सोडल्या. उशी बाजूला झाली, तसे बाबांनी लगेच हात जोडले. बोटांत बोटं. वर कपाळापर्यंत. या वेळी डोळे उघडे ठेवून, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत, जणू आम्हाला दाखवायचंच होतं. हात वर असताना उजवा अंगठा थरथरला. दमले असतील.

दादा गुडघ्यांवर बसून रडला. "बाबा देवाकडे आले गं. शेवटी आले."

मग आमचं जुंपलं. तो म्हणाला, यांचं काही बरंवाईट झालं तर प्रार्थना होणार, त्यांचीच इच्छा आहे, दिसत नाही का? मी म्हटलं, शुद्धीवर होते तेव्हाची इच्छा धरायची. दादा म्हणाला, "तुमचापण धर्मच आहे. फक्त त्यात देव नाही आणि माफीही नाही. माझ्या लग्नाला आले नाहीत ते कुठल्या धर्मानं?"

शेवटी मी बाबांसमोर उभी राहिले. "बाबा, तुम्ही देव मानायला लागलात का?" त्यांनी मान आडवी हलवली. मी दादाकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांनी मान उभी हलवली. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, यांच्या हो-नाहीवर विसंबू नका. मग त्यांनी डावा हात बाजूला लटकलेल्या उशीवर आपटला, दोनदा. तोंडातून नुसता घरघर आवाज.

दादा रात्रीच्या गाडीनं गेला. मी उशी परत बांधली.

२३ फेब्रुवारी, रविवार

वार्षिक सभा. ठराव मंजूर झाला. आम्ही आता धर्म आहोत.

काकांनी भाषणात सांगितलं, संस्थापक आज असते तर त्यांनीही काळाची गरज ओळखली असती. असते तर! घरी खुर्चीत बसलेत. मला उठून म्हणायचं होतं, ते आहेत, आणि तुमचा ठराव त्यांनी उभा-आडवा फाडला असता. पण मग कुणीतरी म्हणालं असतं, आणा त्यांना.

धर्म झाल्यावर पहिला नियम कुठला केला? सभासद कुणाला म्हणायचं नाही, याचा. जो प्रार्थना करतो तो सभासद नाही. एकमतानं. काका माझ्याकडे बघत नव्हते. हात वर करणाऱ्यांत मीही होते.

येताना भिंतीकडे पाहिलं. फोटो अजून आहे. फोटोचे हात दिसत नाहीत, छातीपर्यंतच आहे.

२६ फेब्रुवारी

बाबांनी सोडून दिलं. आज मीच उशी काढून पाहिली, घरात कुणी नव्हतं. हात मांडीवर तसेच पडून राहिले. मी म्हटलं, "करा, बाबा. कुणी बघत नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

उजवी मूठ घट्ट मिटली आहे. नखं कापायला बोटं उघडावी लागतात, ती उघडत नाहीत.

मला हेच हवं होतं ना? मग घास का उतरत नाही? देवही गेला म्हणायचा बाबांचा. आला तसा गेला. आता त्यांच्याजवळ काहीच नाही, ना त्यांचं, ना आजीचं. आणि माझ्याजवळही.

२ मार्च

रविवार. मंडळात गेले नाही. बाबांनी चमच्यापुढे तोंड उघडलं नाही.

७ मार्च

फिजिओवाली आली. रजा संपली म्हणून जुने पेशंट बघत फिरते आहे. मी सुट्टी घेऊन घरीच होते.

बाबांसमोर उकिडवी बसली. "काय आजोबा, चालू आहे ना आपलं? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा? बोटांत बोटं घालायची, डोळे मिटून हा हात माझाच आहे असं मनात आणायचं, आणि छातीपासून कपाळापर्यंत न्यायचा. तिथे थांबून दहा आकडे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तिनं उजवा हात उचलायला घेतला. खांदा हलेना, मूठ उघडेना. "अहो ताई, हे काय झालं? बंद कधी केलं यांनी? मी गेले तेव्हा अंगठ्यात जीव यायला लागला होता. मी यायचे तेव्हा असायच्या त्या बाईंना सगळं समजावून गेले होते मी. बोलल्या नाहीत का त्या?"

तिनं खुर्चीला लटकलेली उशी हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं. "किती सुरेख शिवली आहे. कुणी केली?"

मी, म्हटलं.