मरीनाच्या नऊ तारखा

प्रिय रसिका,

सुरुवातीला प्रिय लिहायचं असतं असं शेजारची भूमिका म्हणाली, म्हणून लिहिलं. चौथीनंतर मी पेन धरलं ते फक्त सहीपुरतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, मग काय करू?

इथे नवघरला ठीक आहे. लिफ्ट परत बंद, तुझे सासरे गुडघ्याला पट्टा बांधून चार मजले चढतात आणि प्रत्येक मजल्यावर बिल्डरला शिव्या घालतात. मितेशचं तेच. दर बुधवारी संध्याकाळी सहाला दार लावून लॅपटॉपसमोर. मला ते दार पहिल्यापासून खटकलं. सरळ काम असेल तर कडी कशाला? तुला आठवतं ना, एकदा चहाच्या निमित्ताने मी आत गेले तर पडद्यावर बाई, आणि हा हसतोय. विचारलं तर म्हणे प्रॉक्सी सर्व्हरचं काम. आपल्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसून पानं आणून देणारा प्रोग्रॅम, जगात कोणीही फुकट घ्यावा, आणि त्याची मोठी नवी आवृत्ती काढायचं ठरतंय. फुकट! फुकटात कोण एवढं हसतं गं?

मग तो कागद, त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. चौदा तारखा आणि पुढे नावं. मरीना, मरीना, कोणी एक लोकेश, परत मरीना. चौदातल्या नऊ तिच्या. खाली डिसेंबर, लाल पेनाने दोनदा गोल केलेला. मी म्हटलं, झालं, डिसेंबरात हा जातोय तिच्याकडे. तूही तेच म्हणालीस आणि बॅग भरलीस.

मागच्या बुधवारी तो कडी लावायच्या आत मी सरळ घुसले आणि खुर्ची ओढून बसले. मितेश म्हणाला, आई, मीटिंग चाललीय. मी म्हटलं, चालू दे, मी पण मीटिंगलाच आलेय. मरीना दिसली. अगं, माझ्यापेक्षा मोठी! केस पांढरे, मांडीवर मांजर, आणि मितेशला झापत होती. मला त्यांची भाषा कळेना, मितेशनेच सांगितलं, त्याला नव्या आवृत्तीत अजून दोन गोष्टी घुसवायच्या होत्या. ती म्हणे तारीख गेली, आता फक्त दुरुस्ती, नवीन काही घेणार नाही. एकाने बनवलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जात नाही, आणि तपासणारी जास्त करून हीच, म्हणून कागदभर तिचं नाव. डिसेंबर म्हणजे आवृत्ती बाहेर काढायचा महिना, तोही आता फेब्रुवारीवर गेला. मी मितेशला म्हटलं, विचार तिला, माझ्या पोराला काय देते? ती म्हणाली, काही नाही, मलाही वीस वर्षांत कोणी काही दिलं नाही. हे मला अजून पटलेलं नाही. वीस वर्षं कोणी फुकट बसत नाही, काहीतरी असणारच. पण आपण जे धरून बसलो ते नाही, एवढं डोळ्याने बघितलं.

आता खरं ते लिहिते. मितेश तुझ्यावर चिडलाय तो याच्यावर, की रसिकाने मला न विचारता माझं कपाट उघडलं, कागदाचा फोटो काढला. तू कपाटाला हात लावला नव्हतास. तू कामावर होतीस. फोटो मी काढला, तुझ्या फोनवर मी पाठवला, आणि खाली बोलून पाठवलं की सांभाळ, नवरा हातचा चाललाय. पाच महिने तो तुला फोनवर नाही नाही ते बोलतोय, मी समोर भाजी निवडत ऐकतेय, आणि तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. काल त्याला सांगितलं. ताटावरून उठला, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. नकोच बोलू दे. रविवारी तो चेण्याला तुझ्याकडे येतोय, तुझ्या सासऱ्यांना तसं म्हणाला. माझ्याशी कसं वागायचं ते तू ठरव, मी काही मागत नाही. त्याला तेवढं दारातून परत पाठवू नकोस.

तुझीच,
द्वारका